शेवटचे दोन पीळ हाताने!

महिन्याचा पहिला आठवडा. पगार झालेला. अशा वेळी वाकड, हिंजवडी किंवा खराडीच्या कुठल्याही सोसायटीच्या लिफ्टमध्ये डोकावून बघा. एक चपटा, लांबलचक आणि वजनाने भलताच दगड असलेला खोका हमखास उभा दिसेल. त्यात कुणाचं तरी कपाट असतं, कुणाचं स्टडी टेबल, कुणाचा बेड. म्हणजे असं बाहेर छापलेलं असतं. आत असतात फळ्या, स्क्रूंच्या पुड्या, एक वाकडी एलन की आणि हसऱ्या बिननाकाच्या माणसांची चित्रं असलेला कागद. बाकीचं तुमचं तुम्ही बघा!

मग घरात टूल्स शोधायची मोहीम सुरू होते. रूममेटच्या बाइकच्या डिकीतला स्क्रू-ड्रायव्हर, नारळ फोडायची हातोडी, शेजारच्या काकांचं ड्रिल मशीन... आणि रविवार संपता संपता कपाट उभं राहतं खरं, पण एक दार कायम अर्धा इंच खाली!

आपल्याला वाटतं, टूल जेवढं दणकट तेवढं काम चांगलं. माझा अनुभव नेमका उलटा आहे. हे फर्निचर ताकद कमी पडली म्हणून क्वचितच बिघडतं. ते बिघडतं ताकद जास्त लागली म्हणून. त्यामुळे योग्य टूल म्हणजे पॉवरफुल टूल नव्हे. 'बास, आता थांब' हे जे हाताला सांगतं, ते योग्य टूल.

चाळीस मिनिटांत वॉर्डरोब

अकरा महिन्यांच्या कराराने राहणाऱ्या आपल्या जमातीला हे फर्निचर म्हणजे वरदान. खोलता येतं, टेम्पोत मावतं, खिशाला झेपतं. माझा पहिला वॉर्डरोब आला, तेव्हा जोडायला इन्स्टॉलरसुद्धा आला होता. बिचारा घाईत होता, त्याला त्या दिवशी अजून सहा घरं करायची होती. हातात ड्रिल. टर्र्र... टर्र्र... टर्र्र... चाळीस मिनिटांत वॉर्डरोब उभा! सही घेतली, पाणी प्यायला, गेला. मी जाम इम्प्रेस.

दोन महिन्यांनी दार लोंबायला लागलं. बिजागरीचे स्क्रू आवळायला गेले तर ते नुसतेच गोल गोल फिरत होते. आटे गेले होते. नवा स्क्रू, मोठा स्क्रू, काही उपयोग नाही. भोकातून बारीक भुसा तेवढा पडत होता.

तेव्हा पहिल्यांदा मी हे लाकूड नेमकं आहे तरी काय, याच्या मागे लागले. स्वभाव पत्रकाराचा, काय करणार! तर बहुतेक स्वस्त फर्निचर असतं पार्टिकल बोर्डचं. लाकडाचा चुरा आणि भुसा रेझिनमध्ये मिसळायचा, गरम प्रेसमध्ये दाबायचा, वरून लॅमिनेट चिकटवायचं. दिसायला एकदम चकाचक. पण खऱ्या लाकडात रेषा असतात, धागे असतात, ते स्क्रूला धरून ठेवतात. इथे धरतो तो नुसता दाबलेला चुरा. स्क्रू बसल्यावरही ड्रिल अर्धा सेकंद जास्त फिरलं, की आत कोरलेले आटे पुन्हा भुसा होतात. बाहेरून काहीही दिसत नाही. दोन महिन्यांनी दार सांगतं.

खोक्याची कुंडली

ही सगळी भानगड सुरू कुणी केली? स्वीडनच्या आयकिया कंपनीची गोष्ट प्रसिद्ध आहे. १९५६ मध्ये त्यांच्या गिलिस लुंडग्रेन नावाच्या डिझायनरला एक टेबल गाडीत मावेना, म्हणून त्याने पाय काढले आणि तिथून आयडिया सुचली. हीच आयकिया डिसेंबर २०२० मध्ये आपल्या नवी मुंबईत, तुर्भ्याला आली. पण सुटं फर्निचर त्याच्या खूप आधीचं. ऑस्ट्रियाच्या मिखाएल थोनेटची १८५९ ची 'नंबर १४' खुर्ची घ्या. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात जायच्या. पोचल्या की तिथे जोडायच्या.

आणि आपल्याकडे? आमच्या गावाकडे पूर्वी पेरणी आली की तिफण जुळवायची, पाचरी ठोकून घट्ट करायची आणि हंगाम संपला की सुटी करून ठेवायची. तोही फ्लॅट-पॅकच की! फरक एवढाच, की तिफण बाभळीसारख्या टणक लाकडाची. चार घाव जास्त बसले तरी सोसायची. भुशाचं कपाट सोसत नाही.

आईचं 'माझं एकटीचं'

आमचं गाव वरकुटे, इंदापूर तालुक्यात. पुण्याहून सोलापूर हायवेला लागायचं. उसाचा आणि डाळिंबाचा पट्टा. घरात एक लोखंडी कपाट आहे. त्यात सातबारे, सोसायटीची कागदं, आजीचे दागिने. किल्ली आधी आजीच्या कमरेला होती, नंतर बाबांच्या खिशात गेली. आईच्या साड्या पत्र्याच्या ट्रंकेत, कॉटखाली. आई बचत गटाचा हिशोब बघते. गटाची वही, पासबुकं, जमा झालेले पैसे एका पिशवीत, पिशवी तांदळाच्या डब्यात. एवढी वर्षं.

मागच्या दिवाळीला तिने मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "तुझ्या मोबाइलवर कपाटं दिसत्यात का गं? लॉकवालं. माझं एकटीचं."

मी म्हटलं, "मी घेते की!"

"नको. पैसं माझं हायत. तू फकस्त मागव."

मागवलं. सहा फुटी, दोन दारं, आत एक ड्रॉवर, कुलूप. पिनकोड टाकल्यावर स्क्रीनवर आलं, 'या भागात इन्स्टॉलेशन उपलब्ध नाही.' पुण्यातला इन्स्टॉलर आठवून मला आधी बरंच वाटलं! पण आईचं कपाट म्हणजे माझा वॉर्डरोब नव्हे. माझं दार लोंबलं तर मी ओढणी अडकवून बंद करते. आईच्या कपाटाचं दार लोंबलं, तर कुलपाची जीभ खाचेत जाणार नाही. आणि कुलूप लागत नसेल, तर ते कपाट कसलं? नुसतं फडताळ! पिशवी परत तांदळात.

बोहरी आळीतली शॉपिंग

कपाट पोचायच्या आधीच्या शनिवारी मी रविवार पेठेत, बोहरी आळीत गेले. मॉलमध्ये मिळणारी गुलाबी डब्यातली 'होम टूलकिट' टाळा. त्यात चाळीस वस्तू असतात आणि लागणाऱ्या चार नसतात. मी काय घेतलं, ते सांगते.

पहिला मान स्क्रू-ड्रायव्हरचा. दुकानदाराने विचारलं, "प्लस का मायनस?" खरी गंमत इथेच आहे. 'प्लस'मध्ये दोन जाती आहेत. एक फिलिप्स, १९३० च्या दशकातला. त्याची खाच उतरती असते, त्यामुळे जोर वाढला की ड्रायव्हर वर सटकतो. दुसरा पोझिड्राइव्ह, १९६० च्या दशकातला. त्याची खाच सरळ भिंतींची असते, म्हणून पकड घट्ट. ओळखायचं कसं? स्क्रूच्या डोक्यावर अधिकच्या चिन्हाच्या मधोमध चार बारीक तिरक्या रेघा दिसल्या तर तो पोझिड्राइव्ह. चांदणीसारखा दिसतो. युरोपियन पद्धतीच्या फर्निचरमध्ये बऱ्याचदा हाच असतो आणि आपण त्यात फिलिप्स घालून डोकं खराब करतो. स्क्रूचं आणि आपलंही! दोन्हींचा दोन नंबर घ्या, पीएच २ आणि पीझेड २. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकावर लावून आडवा धरा. डुलला नाही, तर जोडी जमली!

दुसरी, एलन कीचा सेट. हे नाव अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या अॅलन कंपनीवरून पडलं. खोक्यातली फुकट की मऊ लोखंडाची असते. तिचे कोपरे झिजले की ती बोल्टचे कोपरेही झिजवते. चांगल्या सेटमध्ये कडा धारदार असतात. वापरायची युक्ती साधी. सुरुवातीला लांब बाजू बोल्टमध्ये आणि आखूड बाजू बोटांत. भराभर फिरते, आणि जोर आपोआप कमी लागतो. अगदी शेवटी उलटी करा. आखूड बाजू बोल्टमध्ये, लांब हातात. मग फक्त एक हलका दाब.

तिसरी, रबरी हातोडी. लाकडी खुंट्या, म्हणजे डॉवेल बसवायला आणि फळ्या एकमेकींना भिडवायला. काळं रबर पांढऱ्या लॅमिनेटवर डाग पाडतं, म्हणून पांढरं बघा किंवा मध्ये कापड धरा. लोखंडी हातोडी फक्त मागच्या पातळ फळीच्या चुकांसाठी. त्याच नावाचे खिळे हो!

चौथं, मोजायचा टेप. पाचवा, सुताराचा गुण्या, काटकोन तपासायला. सहावं, छोटी स्पिरिट लेव्हल, गवंडी पाणसळ म्हणतात ती. सगळं मिळून बाराशेच्या आत. एका मल्टिप्लेक्स वीकेंडचे पैसे!

आणि ड्रिल? घरात असेल तर वापरा ना. फक्त त्याच्या मानेवर आकड्यांची जी रिंग असते, तो क्लच. तो सगळ्यात कमी आकड्यावर ठेवा. ठरावीक जोर आला की ड्रिल कटकट करून स्वतःच थांबतं. ज्याला क्लच नाही किंवा जे ठोके देत फिरतं, ते मशीन या फर्निचरच्या जवळही नको. आणि क्लच असला तरी शेवटचे दोन पीळ हातानेच.

खुर्द का बुद्रुक?

कपाटाचा टेम्पो यायचा त्या दिवशी ड्रायव्हरचे चार फोन. "मॅडम, वरकुटे खुर्द का बुद्रुक?" शेवटी आमचा चुलतभाऊ बाइकवर पुढे गेला आणि टेम्पोला वाट दाखवत घेऊन आला. खोका ओसरीत उतरला तेव्हा अर्धी गल्ली हजर. आणि सगळ्यांत पुढे नाना.

नाना म्हणजे गावचे जुने सुतार. आमच्या घराची चौकट त्यांच्याच हातची. आता गुडघे चालत नाहीत, पण डोळे चालतात. खोका उघडल्यावर त्यांनी एक फळी उचलली, कडेला नखाने खरवडलं, बोटावर आलेला भुसा बघितला.

"ह्यो तर चोथा हाय पोरी."

"नाना, चोथाच. कधी कधी उसाच्या चोथ्याचा पण करतात."

ही थाप नव्हती बरं का. साखर कारखान्यात रस काढून उरलेल्या बगॅसचाही पार्टिकल बोर्ड होतो. नीरेपलीकडे, माळशिरस तालुक्यात वेळापूरकडे असा कारखाना उभा राहिला होता. नानांना हे ऐकून मजा वाटली. "मंजी आपलाच ऊस, आन् आपल्यालाच कपाट!" मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "पन ह्येला दुसरी बारी नसती. लाकूड करकरतं, सांगतं तुला की बास. ह्यो मुका हाय. आयकायचं ते हाताला."

मी बोहरी आळीतून आणलेली टूल्स आणि इंटरनेटवर वाचलेलं सगळं एका बाजूला, आणि नानांचं हे एक वाक्य एका बाजूला.

प्रत्यक्ष ऑपरेशन

खोका फाडून त्याचाच पुठ्ठा शहाबादी फरशीवर अंथरला. लॅमिनेटवर ओरखडे उठतात ते फरशीवरच्या कचामुळे, त्यामुळे ही फुकटची गादी सोडू नका. खोका कापताना कटरचं पातं जेमतेम अर्धा सेंटिमीटर बाहेर ठेवलं. पुठ्ठ्याला लागूनच फळी असते! मग स्क्रू वेगवेगळ्या वाट्यांत काढले आणि मोजले. आईने वाट्या दिल्या, वर हुकूमही दिला, "परत धुऊन ठिवायच्या."

बोल्ट फळीत हाताने घातले. सुरुवातीला स्क्रू नेहमी उलटा फिरवायचा. एक बारीक 'टक' जाणवतं, मग सुलटा. त्यामुळे तो आधीच्या आट्यांतच जातो, नवे कापत नाही. घर बदलताना फर्निचर खोलून परत जोडणाऱ्यांनी हे वाक्य फ्रिजवर चिकटवून ठेवा.

मग गोल चकत्या. आपले सुतार त्यांना 'मिनिफिक्स' म्हणतात. चकतीवर बाण असतो. बाणाचं तोंड बोल्ट येणार त्या भोकाकडे करायचं, बोल्टचं डोकं आत घालायचं आणि साधारण अर्धा फेरा. चकती बोल्टला ओढून घेते, फळ्या भिडतात, हाताला एकदम जड लागतं. तिथेच थांबायचं. त्यापुढे ढकललं तर चकती फुटते किंवा भोकाची कड उडते. नाना स्टुलावरून बघत होते. प्रत्येक वेळी माझा हात थांबला, की मान हलवत होते.

डॉवेलला फेविकॉल लावायचा का? भाड्याच्या घरात नको, पुन्हा खोलता येणार नाही. आईचं कपाट कुठेच जाणार नव्हतं. लावला. पण भोकात, कच्च्या भुशावर. लॅमिनेटवर तो धरत नाही.

सांगाडा तयार झाला, उपडा पडलेला. आता मागची पातळ फळी ठोकायची. इथे सगळे घाई करतात, कारण काम संपत आल्यासारखं वाटतं. खरं तर कपाट सरळ उभं राहणार की नाही, हे याच फळीवर ठरतं. टेप काढला, दोन्ही कर्ण मोजले. शाळेतल्या भूमितीचा आयुष्यात झालेला हा एकमेव उपयोग! एक १९७.३ सेंटिमीटर, दुसरा १९६.७. सहा मिलिमीटरचा फरक. डोळ्याला काहीच दिसत नव्हतं. नानांनी गुण्या कोपऱ्याला लावला आणि म्हणाले, "तिरकं हाय." मी आणि चुलतभावाने लांब कर्णाचा कोपरा तळहाताने आतल्या बाजूला रेटला. परत मोजलं. १९७, १९७. एकाने तसंच धरून ठेवलं आणि मी खिळे ठोकले.

उभं करताना दोघांनी उचललं, ओढत नेलं नाही. ओढलं की खालचे सांधे पिळवटतात. भिंतीशी लेव्हल ठेवली तर बुडबुडा डावीकडे. आमची फरशी जुनी, तिला उतार आहे. उजव्या पायाखाली नानांनी पत्त्याएवढी लाकडी चकती तासून सरकवली. बुडबुडा मधोमध. भिंतीत मात्र मोठं ड्रिल वापरलं, रावळ प्लग घातला आणि कपाट वरून आवळून टाकलं. लहान मुलं ड्रॉवरला लोंबकळतात, उंच कपाट अंगावर येऊ शकतं. दणकट मशीनची जागा ती, भिंतीत. भुशात नाही.

मग दारं. बिजागऱ्यांचे स्क्रू पीझेड २ ने, अर्धा अर्धा फेरा. आणि शेवटी कुलूप. मी बाजूला झाले. आई पदराला हात पुसत पुढे आली, दार लावलं, किल्ली फिरवली.

खट.

उघडलं. परत लावलं. परत खट. असं तिने पाच-सहा वेळा केलं. बाबा दारातून म्हणाले, "अगं, मोडंल!" आई म्हणाली, "न्हाय मोडत." आणि किल्ली मंगळसूत्राच्या बाजूला, ब्लाउजला पिनेने अडकवली. दुसरी किल्ली कुणाकडे, हे आजतागायत कुणाला ठाऊक नाही.

आणि आटे गेलेच असतील तर?

माझ्या पुण्यातल्या वॉर्डरोबचं काय झालं, हे विचारणाऱ्यांसाठी. आटे गेलेल्या भोकात फेविकॉलमध्ये बुडवलेल्या टूथपिक किंवा गुल काढलेल्या काड्यापेटीच्या काड्या गच्च भरा, बाहेर आलेलं कापा, चोवीस तास वाळू द्या. मग तोच जुना स्क्रू, हाताने. माझं दार अजून जागेवर आहे.

आणि दर सहा महिन्यांनी सगळे स्क्रू एकदा तपासा. बोर्ड हवेतला ओलावा धरतो, सोडतो, सांधे सैल होतात. वरकुट्याला हे काम कोण करतं? टूल्सची पिशवी मी तिथेच ठेवून आले. गल्लीत आता तीन खोके येऊन गेलेत आणि पीझेड २ मागायला पोरं आमच्याकडे येतात. पण पिशवी आईच्या ड्रॉवरमध्ये आहे. कुलपात. वहीत नाव लिहून सही केल्याशिवाय ती कुणाला देत नाही!